‘कूलर करंट मारतो’ असं कोणी लिहिलं तर

(नागपुरात छोट्या दुकानदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. होळीला तीन आठवडे राहिलेत, म्हणजे इथल्या निम्म्या मंडळींचा सीझन दारात उभा आहे. माझं कूलरचं दुकान वडिलांनी सुरू केलेलं. त्यांच्या काळी वाळ्याच्या ताट्या भिजवून फुटपाथवर कूलर सुरू करून ठेवला की जाहिरात झाली. वास घेऊन माणूस थांबायचा. आज तोच माणूस बेसा किंवा मनीषनगरातल्या घरी बसून आधी मोबाइलवर दुकान शोधतो, चार तक्रारी वाचतो, मग गाडी काढतो. त्या चार तक्रारींबद्दल मला बोलायचं आहे.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना, पारा ४५ च्या वर. एका ताईंनी गूगलवर एक स्टार देऊन लिहिलं, ‘कूलर करंट मारून राहिला. दोनदा फोन केला, उचलून नाही राहिले. घरात लहान पोरगं आहे.’ दिवसभर फिटिंग करून रात्री साडेअकराला मी ते वाचलं आणि तिथल्या तिथे उत्तर ठोकलं, ‘आमच्या कूलरमध्ये दोष नाही. तुमच्या घरी अर्थिंग नाही. वायरमनला दाखवा.’

आता यातलं तांत्रिक समजून घ्या. लोखंडी कूलरमध्ये पाणी आणि वीज शेजारी शेजारी असतात. कुठे वायर सोलली, पंपात पाणी शिरलं, की करंट बॉडीत उतरतो. घरचं अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर लाइन पडते. अर्थिंग नसेल तर हात लावणाऱ्याला झटका बसतो. त्यामुळे अर्थिंगचं मी बोललो ते चूक नव्हतं. पण त्यांचं तिसरं वाक्य होतं, घरात लहान पोरगं आहे. त्या वाक्याला माझ्याकडून एक शब्द गेला नाही.

सकाळपर्यंत माझ्या उत्तराचा स्क्रीनशॉट त्यांच्या लेआउटच्या, म्हणजे वस्तीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला होता. मी त्या ग्रुपवर नव्हतोच. गूगलवर निदान आपल्याला उत्तर देता येतं. ग्रुपवर आपल्या दुकानाचं काय चाललंय हे आपल्याला कळतही नाही. मला कळलं ते दोन बुकिंग रद्द झाली तेव्हा, आणि मग वडिलांच्या वेळच्या एका गिऱ्हाईक काकांचा फोन आला तेव्हा. ते एवढंच म्हणाले, ‘अरे, लेकराचं तरी विचारायचं होतं.’

मी टेस्टर आणि नवा पंप घेऊन त्या घरी गेलो. कूलर दोन पिनच्या एक्स्टेंशनवर लावलेला होता, अर्थिंगचा पत्ता नव्हता. आणि पंपाच्या वायरला, जिथे ती टाकीच्या पत्र्यावरून आत जाते तिथे, चीर गेलेली होती. तिथे रबराचा वायसर घालायचा राहिला होता. तो आमच्या माणसाने घालायला हवा होता. म्हणजे ‘दोष नाही’ हे मी न बघताच लिहून मोकळा झालो होतो. आजही मला त्या उत्तराची लाज वाटते, आणि धंदा बुडाला म्हणून नव्हे. त्या घरातलं दोन वर्षांचं पोरगं कूलरच्या जाळीला धरून उभं राहायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पंप बदलला, वायसर घातला, तीन पिनचं सॉकेट ओढून घेतलं. घरी येऊन जुनं उत्तर बदललं. आपलं उत्तर आपल्याला बदलता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. नवीन उत्तर असं होतं: ‘ताई, काल फोन उचलला नाही आणि न तपासता उत्तर दिलं, दोन्ही आमची चूक. आज घरी येऊन पाहिलं. पंपाची वायर आमच्या फिटिंगमुळे कापली होती, ती बदलली. सॉकेटला अर्थिंग नव्हतं, तेही करून दिलं. बाळ ठीक आहे हे पाहून जीव भांड्यात पडला. आमच्याकडून कूलर घेतलेल्या कोणालाही हलका झटका जरी जाणवला तर स्विच बंद करून फोन करा, तपासणीचे पैसे लागणार नाहीत.’ यातलं शेवटचं वाक्य त्या ताईंसाठी नव्हतं. ते पुढच्या मार्चमध्ये कूलर घ्यायला निघालेल्या, मला न ओळखणाऱ्या माणसासाठी होतं. ताईंनी स्टार एकाचे तीन केले. पाच केले नाहीत, मी मागितलेही नाहीत.

तेव्हापासून दुकानात एक वही आहे. प्रत्येक फिटिंगची तारीख, वायसर घातला का, सॉकेट टेस्टरने पाहिलं का, अर्थिंग नसेल तर गिऱ्हाइकाला सांगितलं का. कोणी काही लिहिलं की आधी वही उघडायची, मग फोन, मग जमलं तर घर, आणि शेवटी मोबाइलवर उत्तर. हा क्रम उलटा झाला की उत्तरात राग उतरतो.

स्टारचं गणित मात्र लहान दुकानाला फार छळतं, ते बघून ठेवा. तीन जणांनी पाच-पाच दिले आणि चौथ्याने एक, की सरासरी ४ वर येते. शंभर जणांनी पाच दिलेले असतील तर तोच एक स्टार तुम्हाला ४.९ च्या खाली आणत नाही. म्हणून समाधानी गिऱ्हाइकाला ‘दोन ओळी लिहा’ असं सांगायला संकोचू नका. फक्त त्याबदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आणि विकतचे रिव्ह्यू तर नकोच. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आपल्याकडे २०२२ साली आयएस १९००० हे भारतीय मानकही आलं आहे. पण नियम आणि मानक बाजूला ठेवा. सीताबर्डीतल्या संत्रा बर्फीवाल्याची एकाच दिवशी, एकाच छापाची वीस कौतुकं दिसली की आपल्या घरची बाई म्हणते, ‘हे काही खरं नाही.’ तिला कळतं.

खोटी तक्रार आली, कधी आपल्या दुकानात न आलेल्या माणसाची, तर गूगलला कळवा. शिवीगाळ, हितसंबंध, भलत्याच विषयाचं लिखाण, या कारणांनी ती निघू शकते. नुसती कडू आहे म्हणून निघत नाही. ‘पैसे द्या, नाहीतर लिस्टिंग बंद करतो’ असा फोन आला तर कापा. गूगलवरचं दुकानाचं पान फुकट असतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

आणखी एक, हे मी अलीकडेच पाहिलं. एका दुकानदाराने उत्तरात गिऱ्हाइकाची उधारी लिहून टाकली, रकमेसकट. तक्रार चुकीची होती हे सगळ्यांना पटलं. पण त्या दुकानातून उधार घेणारे बाकीचे लोक गप्प बसून तेच वाचत होते.

बरं, आता माझं बोलणं पुरे. सगळ्यांनी मोबाइल काढा. आपापल्या दुकानाचं पान उघडा आणि सर्वांत जुनी, उत्तर न दिलेली तक्रार शोधा. मागच्या रांगेतल्या ताई, तुमची सापडली वाटतं. वाचा मोठ्याने. तिचं उत्तर आपण आत्ता इथेच लिहू.