जिभेले कयते ना

श्रोतेहो, नमस्कार. मी भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी. या मे महिन्यात इंटर्नशिपसाठी दर्यापूर तालुक्यात होते. काम साधं: विहिरीतली पाण्याची पातळी मोजायची, नमुना बाटलीत भरायचा, वहीत नोंद करायची. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग, तोवर मी पुस्तकातच पाहिला होता.

पहिल्याच विहिरीत टेप सोडला, तर मालक आजोबा म्हणाले, "मशीन कायले पाह्यजे माय? जिभेले कयते ना." मग त्यांनी शिवारातल्या विहिरी एकेक करून सांगितल्या. कुठल्या पाण्यात डाळ शिजते, कुठलं नुसतं भांड्यांपुरतं, कुठलं ढोरंही तोंडी लावत नाहीत. संध्याकाळी क्षार मोजणाऱ्या मीटरचे आकडे मांडले, तर क्रम जवळपास तोच निघाला! पिण्याच्या पाण्यात क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक आहे. आजोबांची विहीर २००० च्या बरीच पुढे होती.

विदर्भाच्या पश्चिम भागात बहुतेक ठिकाणी थोडं खणलं की काळा पाषाण लागतो. इथे तो पूर्णेच्या गाळाखाली खोल गाडला गेलाय. चिकणमातीतून पाणी फार सावकाश सरकतं, म्हणून क्षार धुऊन जात नाहीत, साचत राहतात. माझा जीव तुटला तो पुढची गोष्ट कळल्यावर. या पाण्यात सोडियम जास्त असेल, तर ते ओलितासाठी वापरल्यावर काळी माती बिघडते. ओली झाली की चिखल, सुकली की दगड, आणि पाऊस आत मुरत नाही. विहीर भरलेली असूनही माणूस आभाळाकडे बघत बसतो.

आजोबांनी निघताना विचारलं, "मंग हे पानी हरभऱ्याले देऊ का नोको?" मला उत्तर देता आलं नाही. सोडियमची तपासणी प्रयोगशाळेतच होते, आणि आमच्या कामात अहवाल शेतकऱ्याला द्यायची सोयच नव्हती. ही उणीव मला फार लागली. त्याचं पाणी, त्याची जमीन, आणि कागद मात्र आमच्या फायलीत.

जूनमध्ये अहवाल आला. सरांची परवानगी घेऊन मी आजोबांना फोन केला. सांगितलं, विहिरीचं देऊ नका, शेततळ्यातलं पावसाचं पाणी हरभऱ्यासाठी राखून ठेवा.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शेततयं पयले भरू दे, माय."