नववीतला वजनकाटा आणि न खाल्लेला डबा

नमस्कार मंडळी. आज मागे म्युझिक नाही, ग्राफिक्स नाही, नुसती बसून बोलणारे.

शाळेत उंची-वजन घ्यायचा दिवस आठवतो का? आमच्याकडे पीटीच्या तासाला सगळ्या वर्गाची एकच रांग, मुलं-मुली एकत्र, भिंतीवर खडूने उंचीच्या खुणा केलेल्या आणि खाली तो रबरी पट्ट्यांचा काट्याचा वजनकाटा, बूट काढून उभं राहायचं. सर वाकून काटा बघणार आणि आकडा मोठ्याने सांगणार, कारण वहीत लिहिणारा मॉनिटर लांब बाकावर बसलेला. माझा नंबर आला. सर म्हणाले, "अठ्ठावन्न!" आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बाप रे."

बस, एवढंच झालं. कोणी शिवी दिली नाही, कोणी चिडवलंही नाही फारसं. पण ते "बाप रे" मला पुढची तीन वर्षं ऐकू येत होतं. माझी उंची पाच फूट चार इंच होती, वर्गातल्या मुलींत दुसरा नंबर, आणि त्या उंचीला ते वजन ठीकच होतं. हे मला खूप नंतर एका डॉक्टरबाईंनी तक्ता पुढ्यात ठेवून दाखवलं. त्या दिवशी उंची कोणीच मोठ्याने वाचली नव्हती ना.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा खाणं सोडलं. आई दोन पोळ्या आणि भाजी द्यायची, कधी मटकीची उसळ, तर मी एक पोळी मैत्रिणीला द्यायचे, एक सायकल स्टँडपाशी बसणाऱ्या कुत्रीला, आणि मग डबा नळाखाली विसळून घरी न्यायचे. आईला कळलं ते त्या डब्यावरूनच. खाऊन रिकामा झालेला डबा तेलकट असतो, कडेला मोहरी चिकटलेली असते, माझा रोज चकचकीत यायचा. पण कळेपर्यंत अडीच महिने गेले होते. मी शाळेच्या खो-खो संघात होते, तालुक्याच्या मॅचला खांबाकडे सूर मारायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधार, उठले ती थेट सावलीत, तोंडावर पाणी मारत होते सगळे. पाळी दोन महिने आली नव्हती, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, उलट बरं वाटत होतं की कटकट गेली.

म्हणून हा व्हिडिओ. कारण आता माझ्याकडे शनिवार-रविवारी खो-खो शिकायला ज्या मुली येतात ना, त्यांच्यातल्या निम्म्या तरी "ताई मी संध्याकाळी जेवत नाही" म्हणतात, आणि ते सांगताना चेहऱ्यावर अभिमान असतो. तो अभिमान बघून माझ्या पोटात खड्डा पडतो.

आधी शरीराचं समजून घेऊ. साधारण 10-11 ते 16-17 या वर्षांत शरीर इतक्या वेगाने बदलतं की तेवढा वेग तान्हेपणानंतर परत कधीच येत नाही. मुलींच्या मांड्या, कंबर, छाती इथे चरबी वाढते, ती हार्मोन्समुळे वाढते आणि वाढायलाच हवी, पाळी नीट सुरू राहायला ती लागते. बऱ्याच जणांचं आधी वजन वाढतं आणि उंची मागून येते, मधले सहा-आठ महिने आपण गोल दिसतो, आणि नेमके त्याच महिन्यांत नातेवाइकांच्या लग्नात कोणीतरी म्हणतं, "अगं किती सुटलीस!" मुलांचं उलट, आधी उंची येते, हात-पाय लांबच लांब, आणि मसल भरायला त्यानंतर वर्षभर तरी जातं. म्हणजे पंधराव्या वर्षी आरशात काडी दिसणारा मुलगा कुठेही कमी पडलेला नसतो, त्याचं बांधकाम अजून चालू असतं. आणि हाडं! हाडांची जवळजवळ 90 टक्के मजबुती मुलींना अठराव्या वर्षापर्यंत आणि मुलांना विसाव्यापर्यंत कमवून घ्यायची असते. त्याच वर्षांत आपण दूध बंद, भाकरी बंद, रात्रीचं जेवण बंद असं करत बसलो तर ती कमाई नंतर कुठून आणणार?

आता आकडे. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, एनआयएन, त्यांनी 2020 मध्ये कोणाला रोज किती लागतं याचे तक्ते काढले, त्यात 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण 2400 कॅलरी धरल्यात आणि त्याच वयाच्या मुलाला 2860. आणि इंटरनेटवर फिरणारे डाएट प्लॅन किती कॅलरीचे असतात? 1200! म्हणजे बरोबर निम्मे.

निम्म्या जेवणावर माणसाचं काय होतं हे बघून झालेलंय. अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुण घेतले, स्वतःहून तयार झालेले, आणि त्यांना 24 आठवडे दिवसाला साधारण 1570 कॅलरी दिल्या, वर भरपूर चालायला लावलं. वजन जवळजवळ चौथा हिस्सा उतरलं. पण मला धक्का बसला तो पुढचं वाचून. ही मुलं दिवसभर फक्त जेवणाचा विचार करायला लागली, रेसिपीची पुस्तकं जमवून वाचायची, ताटं चाटायची, मित्रांत मिसळेनाशी झाली, चिडचिडी, उदास. आणि प्रयोग संपल्यावर कित्येक जण खात सुटले, पोट भरलं तरी भरल्यासारखं वाटेना.

हे वाचलं आणि मला माझी नववी आठवली. रात्री अकराला सगळे झोपल्यावर मी फडताळातला लाडवाचा डबा काढून चार-चार लाडू उभ्याउभ्या खायचे, मग रडायचे, मग सकाळी पाचला उठून दोरीच्या उड्या पाचशे. मला वाटायचं माझ्यात कंट्रोलच नाही. ते तसं नव्हतं हो. उपाशी ठेवलेला मेंदू हेच करतो, त्या 36 जणांच्या मेंदूनेही हेच केलं, आणि ते तर मोठे पुरुष होते. तेव्हा ज्या मुलीला वाटतंय की मी दिवसभर कंट्रोल करते आणि रात्री सगळं घालवते, तिला मी सांगते, तुझं दिवसाचं जेवण अपुरं आहे. ते आधी वाढव, रात्रीचं बरंचसं आपोआप सुटतं.

अजून एक, आपल्याकडचं. एनएफएचएस म्हणजे ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2019-21 चं, त्यात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. आता ही मुलगी मैदानावर दोन राउंडला धापा टाकते, तिला वाटतं मी जाडी आहे म्हणून दमते, घरी जाऊन ती अजून कमी खाते, रक्त अजून कमी होतं. हे चक्र मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्याकडच्या एका मुलीला मी आईसोबत सरकारी दवाखान्यात पाठवलं, हिमोग्लोबिन 8 निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तीन महिन्यांनी तीच पोरगी पळतीला कोणाच्या हाताला लागेना. वजन? तिने विचारलं नाही, मी मोजलं नाही.

आता मुलांकडे येते, कारण मुलं याविषयी बोलतच नाहीत. माझा मावसभाऊ, सोळा वर्षांचा, गावात नवीन जिम झालीय तिथे जातो, त्याने भाकरी बंद केली, का तर कार्ब्स. कच्ची अंडी पितो आणि आठशे रुपयांत कोणाकडून तरी सुटी पावडर आणलीय, पिशवीवर कंपनीचं नाव नाही, तारीख नाही. मी म्हटलं बस, हिशोब करू. या वयाच्या मुलाला दिवसाला 55 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं, एनआयएनच्याच तक्त्यात आहे. ज्वारीच्या एका भाकरीत सहा ग्रॅम धर, दिवसाच्या चार म्हणजे चोवीस. दोन अंडी, बारा. ग्लासभर दूध, सहा. मूठभर शेंगदाणे, सात. दोन वाट्या उसळ नाहीतर घट्ट वरण, बारा-चौदा. झाले की साठच्या वर! आणि अंडं उकडून खा रे बाबा, उकडलेल्यातलं प्रोटीन कच्च्यापेक्षा जास्त अंगी लागतं आणि पोट बिघडायची भीती नाही. त्याच एनआयएनने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत बॉडी बनवायला प्रोटीन पावडरी घेऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या आजोबांच्या काळी तालमीत जोर-बैठका मारून आलेली पोरं दूध, थंडाई, भाकरी खायची, भाकरीला कोणी शत्रू म्हटलं नव्हतं.

माझा मावसभाऊ ज्याचे रील बघतो ना, त्या माणसाने शूटच्या आधी पाणी कमी केलेलं असतं, दहा मिनिटं डंबेल मारून मसल फुगवलेले असतात, वरून लाइट मारलेला असतो. तो माणूस स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी तसा दिसत नाही! मुलींच्या फोनमध्येही तेच, फिल्टर, कंबर बारीक करणारी ॲप्स. 2021 मध्ये फेसबुकच्या आतलाच रिसर्च बाहेर आला होता, त्यात स्वतःच्या शरीराविषयी आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी 32 टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते अजून वाढतं. मी कोणाला फोन फेकून दे म्हणणार नाही. पण ज्या अकाउंटवरून उठलं की पोट आत ओढून आरशात बघावंसं वाटतं, ते अकाउंट म्यूट करा, आजच करा.

आणि नुसतं बघून तब्येत कळते का? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन, दोघांचा एकत्र फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. आणि अंगातली चरबी? युडकिन मॅरेथॉन पळणारे, त्यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. एकच आकडा आणि आतली गोष्ट दुपटीहून वेगळी. जगभर हा फोटो दाखवतात. मग तुम्ही मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये उंची-वजन टाकून रडत का बसता? त्यात अठराच्या खालच्यांसाठी तर मोठ्यांचे आकडे चालतच नाहीत, वय आणि मुलगा-मुलगी बघून वेगळे तक्ते असतात, बालरोगतज्ज्ञांकडे मिळतात ते. आणि हो, बारीक मुलगा दिवसभर वेफर्स खाऊन गेम खेळत असेल तर त्याची तब्येत चांगलीच आहे असंही काही नाही, पण त्याला कोणी टोकत नाही.

व्यायाम. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते की या वयात रोज सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल हवी आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू-हाडांना जोर पडेल असं काहीतरी. तासभर ऐकून घाबरू नका, सायकलवर शाळा, खो-खो, कबड्डी, लेझीम, फुगड्या, डोक्यावर कळशी आणणं, सगळं धरलं जातं. फरक पडतो तो का करताय याने. काल दोन वडापाव खाल्ले म्हणून आज पाच किलोमीटर पळायची शिक्षा, असा व्यायाम करणाऱ्याला आरसा अजूनच नको होतो. आणि मजा येते म्हणून, जमायला लागलं म्हणून, दोस्त आहेत म्हणून खेळणाऱ्याचं स्वतःच्या शरीराशी जरा बरं जमतं, अभ्यासांतही हे पुन्हा पुन्हा दिसलंय. माझ्याकडे मी मुलींना एक वही दिलीय, त्यात वजन लिहायचं नाही, आज किती वेळ पळती टिकवली, सूर किती लांब गेला, तेवढंच. एका मुलीने परवा लिहिलंय, "आज मांड्या खूप दुखल्या, पण याच मांड्यांनी खांब गाठला." मी ते पान फोटो काढून ठेवलंय.

घरातल्या मोठ्यांनो, काकू, मावशी, आत्या, बाबा, तुमच्याशी हात जोडून. 2016 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डॉक्टरांसाठी सूचना काढल्या, त्यात घरात मुलांच्या वजनावर बोलू नका, डाएटला प्रोत्साहन देऊ नका आणि शक्य तेवढ्या वेळा एकत्र जेवा असं होतं, आणि हे लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार दोन्ही टाळायला. तुम्ही प्रेमाने म्हणता, "थोडं कमी कर गं, लग्नाला कठीण जाईल," तिला ते प्रेम म्हणून पोचत नाही. आणि तिच्यासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवत भात बाजूला सारू नका, ती बघत असते.

कधी सावध व्हायचं ते पटकन सांगते. जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाऊन उलटी काढणं, पाळी तीन महिने न येणं, चक्कर, केस झडणं, सगळ्यांसोबत जेवायला टाळणं, आजारी असतानाही व्यायाम न सोडणं. यातलं काही दिसलं तर ओरडू नका, डॉक्टरकडे न्या. खाण्याचे विकार हा खरा आजार आहे, नखरे नाहीत. आणि मन मोकळं करायला सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. उंची-वजन घ्यायलाच लागतं, मला माहितीये, रजिस्टर भरायचं असतं. फक्त काटा वर्गाबाहेर दुसऱ्या खोलीत न्या, एकेकाला आत बोलवा, आकडा बोलू नका, स्वतःच वहीत लिहा. साठ मुलांच्या वर्गाला अर्धा तास जास्त लागेल. लागू द्या.