पंपामागे मजुरी

(दृश्य : पहाट. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, निळा ड्रम. विहिरीचं पाणी पाइपातून ड्रममध्ये पडतंय.)

सकाळचे साडेसहा. यवतमाळ जिल्हा. पावसाने दोन दिवस उघडीप दिलीय, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्या-फुलांवर आलीय आणि आज फवारणी आहे. शेत दुसऱ्याचं, पंप दुसऱ्याचा. औषधही शेतमालकानेच आणून ठेवलंय. मजूर घरून आलाय तो जुना फुलबाह्यांचा शर्ट, एक दुपट्टा आणि जेवणाचा डबा घेऊन.

औषध हाच शब्द इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. कृषी केंद्रात औषध मिळतं, शेतात औषध मारतात, आणि ते अंगावर आलं की माणसाला दवाखान्यात नेऊन पुन्हा औषधच देतात.

(दृश्य : बाटलीचं लेबल, अगदी जवळून.)

लेबलवरचा हा शंकरपाळ्यासारखा चौकोन बघा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग सांगतो, आत काय आहे. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लालवर कवटी आणि हाडंही असतात. कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांतली ही खूण आहे. बाटलीसोबत एक घडीचा कागद येतो. त्यात बऱ्याच भाषा आहेत, मराठीही आहे, अक्षरं तिळाएवढी. आज तो कागद खोक्यातच राहिला.

(दृश्य : झाकणाने माप. एक बाटली, दुसरी बाटली, पुडी. ड्रममध्ये फेस.)

माप झाकणाचं. एक झाकण अळीचं, एक तुडतुड्याचं, वर झाड वाढायचं टॉनिक. तीन गोष्टी एकत्र केल्यावर त्यांचं मिळून काय होतं, हे तिन्हींपैकी एकाही लेबलवर लिहिलेलं नाही. पण एकाच फेरीत तिन्ही कामं उरकतात, मजुरी एकदाच द्यावी लागते. ढवळायला पऱ्हाटीची काडी घेतली होती. ती मोडली. मग हात घातला, कोपरापर्यंत.

इथे आम्ही कॅमेरा बंद करून त्याला साबण आणि पाणी दिलं. हात धुऊन तो पुन्हा कामाला लागला.

(दृश्य : पंप पाठीवर. कॅमेरा मागून चालतो.)

पंप 16 लिटरचा. भरून पाठीवर घेतला की वीस किलोच्या आसपास जातो. झाकणाचा वायसर झिजलाय, म्हणून पहिल्या दहा पावलांतच पाठ ओली झाली. हा ओलावा नीट बघा. बहुतेकांना वाटतं, विष नाकातोंडातूनच जातं. फवारणाऱ्याच्या अंगात ते मुख्यतः कातडीतून शिरतं, आणि घामाने भिजलेला, अंगाला चिकटलेला कपडा त्याला वाट करून देतो.

तुडतुडे आणि पांढरी माशी पानाच्या मागच्या बाजूला बसतात. म्हणून नोझल वर करून मारावं लागतं. पऱ्हाटी कमरेएवढी असेल तर तुषार पायांवर पडतात. छातीएवढी झाली की तोंडावर. वारा फिरला तर पाठ करून उलटं चालायचं असतं. पण मजुरी दिवसाची नाही, पंपामागे आहे. जितके पंप रिकामे होतील तितके पैसे. उलटं चालणाऱ्याचे पंप कमी होतात.

(दृश्य : नोझल तुंबलं. तो ते काढतो, ओठांना लावतो, फुंकतो.)

आमच्याकडचं सगळ्यात लहान दृश्य हे. चार सेकंदांचं. नोझल तुंबलं, तोंडाने फुंकलं, थुंकला, पुन्हा बसवलं. आम्ही विचारलं, वास येत नाही का? म्हणाला, "आता वासच येत नाई जी, सवय झाली."

(दृश्य : वरून घेतलेलं शिवार. नजर जाईल तिथवर पऱ्हाटी.)

कपाशीवर एवढी फवारणी का लागते? बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं द्रव्य झाडातच तयार व्हावं म्हणून जनुक बदललेल्या कपाशीला, भारतात 2002 साली परवानगी मिळाली. बोंडअळीसाठीचे फवारे कमी होतील, असं सांगितलं गेलं. सुरुवातीला झालेही. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बीटीला जुमानेनाशी झाली, रस शोषणाऱ्या किडी होत्याच, आणि पंप पुन्हा पाठीवर आले. 2017 च्या खरिपात यवतमाळमध्ये कपाशी कित्येक ठिकाणी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. फवारा मारणारा झाडांच्या आतच उभा होता. त्या हंगामात या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली.

वापरात असलेल्या औषधांमध्ये मोनोक्रोटोफॉस होतं. भाजीपाल्यावर त्याला 2005 मध्येच बंदी आली होती. कपाशीवर मात्र ते चालू राहिलं. भाजी खाणाऱ्याचा विचार झाला, फवारणाऱ्याचा झाला नाही.

(दृश्य : त्याचे डोळे. उन्हात बारीक झालेल्या बाहुल्या. मग हात.)

मोनोक्रोटोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं विष. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप गेला की तो निरोप थांबवणारं एक द्रव्य शरीरात असतं, कोलिनेस्टरेज. हे विष त्यालाच निकामी करतं. निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, उलटी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि शेवटी श्वास. वेळेत पोचला तर त्यावरचा उतारा, अॅट्रोपिन, देतात. पण दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, कोणतं औषध मारत होता? बाटली तर धुऱ्यावर राहिलेली असते.

रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजता येतं. हंगामाआधी एकदा आणि हंगाम चालू असताना पुन्हा मोजलं, तर माणूस पडायच्या आधी कळू शकतं. कारखान्यात विषारी रसायन हाताळणाऱ्याची ठरावीक काळाने तपासणी होते. मग शेतात तेच पाठीवर वाहणाऱ्याची का होऊ नये? ती झालीच पाहिजे, गावातल्या आरोग्य केंद्रात आणि फुकट.

(दृश्य : भिंतीवर खिळ्याला टांगलेलं किट. चश्मा, हातमोजे, मास्क.)

किट वाटली गेली. हे त्यातलंच एक. ऑक्टोबरच्या उन्हात चश्म्याच्या आत वाफ धरते, पुढची ओळ दिसत नाही.

(दृश्य : तलाठी कार्यालयाची पाटी. सातबाऱ्याचा कागद.)

आता हा कागद. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकऱ्यांसाठी अपघाताची योजना आहे. तिच्या यादीत जंतुनाशकांची विषबाधा स्पष्ट लिहिलेली आहे. पण मदत मिळते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला किंवा त्याच्या घरातल्या माणसाला. आपण सकाळपासून ज्याच्या मागे चालतोय, त्याचं नाव एकाही सातबाऱ्यावर नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यात ऑर्गॅनोफॉस्फरसची विषबाधा कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदली गेली होती. म्हणजे आजार कायद्याला ठाऊक होता. हा माणूस मात्र एका कागदावर शेतकरी नाही आणि दुसऱ्या कागदापर्यंत कामगार म्हणून कधी पोचला नाही.

(दृश्य : संध्याकाळ. शेतमालकाची खिशातली वही.)

"बारा झाले ना?"

"बारा."

बारा पंप. जवळपास दोनशे लिटर. वहीत लिहिलं गेलं, फवारा 12, आणि पुढे रक्कम. त्याने आज काय फवारलं याची लेखी नोंद एवढीच.

(दृश्य : घराची मोरी. बायको शर्ट धुतेय. पाण्याला पांढरट फेस.)

शर्ट ती हातानेच धुते. त्याच टोपल्यात लेकरांच्या शाळेचे कपडे आहेत. उद्या पलीकडच्या शिवारात फवारणी आहे, निरोप येऊन गेलाय. रात्रीतून शर्ट वाळायला हवा, म्हणून तिने तो चुलीजवळच्या दोरीवर टाकलाय.