चीनची भट्टी बदलली तर मंगोलियाच्या कोळशाचं काय?

गोबीच्या वाळवंटात एक सीमानाका आहे, गाशूनसुखाइत. कोळशाने भरलेले ट्रक तिथं एकामागोमाग एक, रांग किलोमीटरच्या किलोमीटर. ड्रायव्हरचं खाणं-झोपणं सगळं केबिनमध्येच. नाक्यापलीकडे चीन.

नमस्कार मंडळी. जेमतेम ३५ लाख वस्तीच्या मंगोलियाची तिजोरी बरीचशी या रांगेवर चालते. देशाच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त माल एकट्या चीनला जातो. गिऱ्हाईक एकच! आणि त्याच गिऱ्हाइकाने सप्टेंबर २०२० मध्ये सांगून टाकलंय की २०६० च्या आत आम्ही कार्बन न्यूट्रल होणार, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत शोषून घेऊ. खुद्द शी जिनपिंग संयुक्त राष्ट्रांत बोलले.

मग झालं, लोक म्हणतात, चीनमध्ये एवढे सोलर पॅनेल लागलेत, मंगोलिया बुडालाच. इथंच गल्लत होते.

मंगोलियातल्या तावान तोलगोइच्या खाणीतून निघणारा बराचसा माल कोकिंग कोळसा असतो. तो वीज करायला नाही, पोलाद करायला लागतो. हवेशिवाय तापवून त्याचा कोक बनवतात आणि तो झोतभट्टीत लोहखनिजाबरोबर टाकतात. कोक नुसती उष्णता देत नाही, खनिजातला ऑक्सिजनही काढून घेतो. एक टन पोलादामागे साधारण पाऊण टन कोळसा जातो. आता हे काम सोलर पॅनेल कसं करणार?

म्हणून मी तर म्हणेन, नजर भंगारावर ठेवा. जुनं लोखंड विजेच्या भट्टीत वितळवलं की कोकची गरज जवळपास संपते. चीनमध्ये आज साधारण दहावा हिस्सा पोलादच असं बनतं. पण गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती, गाड्या, यंत्रं मोडीत निघतील तसं भंगार वाढणार. वर घरबांधणीतली मंदी आहेच, म्हणजे पोलादाची मागणीही कमी.

यात एक मेख आहे. मंगोलियात रॉयल्टीचा, म्हणजे खनिजाच्या विक्रीतून सरकार घेतं त्या हिश्श्याचा, दर खनिजाच्या भावाबरोबर चढतो. म्हणजे भाव पडला की टनामागची किंमतही कमी आणि सरकारचा टक्काही कमी. तिजोरीला दुहेरी मार.

मग तरणोपाय? तांबं. वायरी, मोटारी, पवनचक्क्या, सगळ्यांना ते हवंच. ओयू तोलगोइच्या खाणीत सरकारचा ३४ टक्के वाटा आहे आणि २०२३ पासून तिथं जमिनीखालूनही उत्पादन सुरू झालंय. कोळशाचं गिऱ्हाईक सुटलं तरी हा माल खपेल.

खपेल कुठे? त्याच नाक्याच्या पलीकडे.