पानाचा नवरा काडी

[अंधार. पागोळ्यांचा आवाज. टॉर्चचा झोत करवंदीच्या जाळीवर.]

रात्रीचे साडेनऊ. आंबोली घाटाखालच्या या गावात पाऊस आत्ताच थांबलाय. या झोतात तुम्हाला किती किडे दिसतात? आम्हाला एकही दिसला नव्हता. बाईंनी नुसतं बोट लावलं आणि एक काडी चालायला लागली.

[क्लोजअप. काडीकिडा फांदीवर झुलतोय.]

वारा पडलेला आहे. तरीही हा झुलतोय, कारण काडी झुलते तसं झुलायचं त्याला ठाऊक आहे. पुढचे दोन पाय त्याने डोक्यासमोर सरळ धरलेत. त्या पायांना मुळाशी बाक असतो आणि डोकं त्या बाकात नेमकं बसतं. मग काडी कुठं संपली आणि किडा कुठं सुरू झाला, शोधत बसा.

जगभरात यांच्या तीन हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. या सगळ्यांचा मिळून एक गण, फॅस्माटोडिया. ग्रीक भाषेत 'फास्मा' म्हणजे भूत, आभास. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

पण आपल्यासमोरचा हा नेमका कोण? आम्ही विचारलं. बाई म्हणाल्या, "तिला अंडं घालू दे रे आधी. मग बघू."

[सकाळ. गच्ची. मच्छरदाणीच्या कापडाचे पिंजरे.]

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर गच्चीवर लोक गुलाब लावतात, यांनी हे पिंजरे लावले. प्रत्येक पिंजऱ्यात पाण्याची बाटली, बाटलीत पेरूची डहाळी, तळाला वर्तमानपत्र. आता आवाजाकडे लक्ष द्या.

[टप. थोडा वेळ शांतता. टप.]

हे अंडं पडलं. ही मादी घरटं बांधत नाही, अंडं कशाला चिकटवत नाही, जमिनीत पुरतही नाही. बसल्या जागेवरून सोडून देते. चिकटवणाऱ्या आणि पुरणाऱ्या जाती वेगळ्या. अमेरिकेच्या पश्चिम भागात टिमेमा नावाचे बुटके काडीकिडे आहेत, त्यांची मादी माती गिळते आणि तिचा लेप अंड्याला देते. बाकी सगळ्या काडीकिड्यांच्या पावलाला पाच पेरं, टिमेमाला तीनच. म्हणून वंशवृक्षात त्यांची फांदी अगदी बुंध्यापासून वेगळी काढतात.

[वर्तमानपत्रावर तपकिरी कण. बाईंचे हात.]

या कणांमध्ये लेंड्या आहेत आणि अंडीही आहेत. रंग एकच, आकारही साधारण तोच. वेचत बसलं तर दिवस जायचा. बाई कागद तिरका धरतात, खालून टिचकी मारतात. अंडी घरंगळत खाली येतात, लेंड्या अडकून राहतात. पुन्हा टिचकी. सुपात तांदूळ पाखडणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

[भिंगाखाली अंडं, पूर्ण पडदाभर.]

आणि हे ते अंडं. तिळाएवढं. पडद्यावर मात्र माठासारखं दिसतंय, वर झाकणसुद्धा आहे. झाकणावर फिकट गाठ दिसते? ती मुंग्यांसाठी. मुंग्या अंडं ओढून वारुळात नेतात, गाठ कुरतडतात आणि अंडं तसंच टाकून देतात. ते वारुळात सुरक्षित राहतं. आता कुशीकडे बघा. ढालीसारखा एक ठसा आहे. शुक्राणू आत शिरायची बारीक वाट या ठशात असते. कुठल्या गटात हा ठसा लांबट, कुठल्या गटात गोल, कुठं त्याला खाली शेपूट फुटलेलं. अंगावरून न जुळणारे किडे या ठशावरून जुळले आहेत, आणि जुळे वाटणारे वेगळेही निघाले आहेत.

अंगावर विश्वास का ठेवायचा नाही, तेही सांगतो. ज्याचा सगळा धंदाच दुसऱ्यासारखं दिसण्याचा, त्याला दिसण्यावरून कुठं बसवणार? जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली पानकिड्याला, म्हणजे काडीकिड्यांच्याच गणातल्या पानासारख्या किड्याला, नाव दिलं तेव्हा त्याला 'ग्रिलस'मध्ये, म्हणजे नाकतोडे-टोळांच्या पंगतीत बसवलं. ती पंगत पुढे मोडली.

[भिंगाखाली पाय. सुईचं टोक नडगीच्या शेवटाकडे.]

इथे खरं तर जुन्या संग्रहातली टाचणीला लावलेली काडी दाखवायची होती. कॅमेऱ्याला परवानगी मिळाली नाही. तेव्हा बाईंच्याच पिंजऱ्यात मेलेल्या एका मादीचा हा पाय. सुईचं टोक आहे तिथे, नडगीच्या शेवटी, खालच्या अंगाला काही काडीकिड्यांना एक तिकोनी खळगा असतो. काहींना नसतो. १९०६ ते १९०८ या काळात व्हिएन्नाच्या ब्रुनर फोन वाटेनविल आणि रेडटेनबाखर या दोघांनी काडीकिड्यांचा जाडजूड ग्रंथ काढला, तो या खळग्यावर उभा होता. खळगेवाले एकीकडे, बिनखळगेवाले दुसरीकडे. पुढची कित्येक दशकं जगभर हीच विभागणी चालली.

मग जनुकं वाचता यायला लागली आणि खळग्याची भिंत पडली. २०१९ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात बहुतेक काडीकिड्यांचे दोन गट पडले आणि ते भूगोलाप्रमाणे पडले: एक जुन्या जगाचा, आशिया-आफ्रिका-ऑस्ट्रेलियाकडचा, आणि एक नव्या जगाचा, अमेरिकांचा. चेहऱ्यामोहऱ्याने भाऊ वाटणारे दोन काडीकिडे दोन खंडांवर असतील तर ते बहुतेक वेळा भाऊ नसतात. आपापल्या रानातल्या काड्यांसारखे झाले, इतकंच.

[पिंजऱ्यात पेरूच्या पानावर पिल्लं. बाई फवारा मारताहेत.]

पण आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट घडली ती कॅनडात, माँट्रियलच्या कीटकालयात. आणि ती घडली अशाच एका पिंजऱ्यात.

न्यू गिनीच्या रानात पानकिड्यांचा एक गट आहे, त्याच्या फक्त माद्या माहीत होत्या. रुंद, हिरव्या, शिरांसकट पानासारख्या. त्याच बेटावर 'नॅनोफिलियम' नावाची प्रजाती होती, तिचे फक्त नर माहीत होते. सडपातळ, पंखवाले, जेमतेम पान आणि बरीचशी काडी. नॅनोफिलियम हे नाव त्याच रेडटेनबाखरने त्याच १९०६ साली ठेवलेलं. शंभरावर वर्षं एका खणात नवरे पडून राहिले आणि दुसऱ्या खणात बायका.

२०१८ साली कीटकालयाचे स्टेफान ल तिराँ यांच्याकडे रानातल्या एका मादीची तेरा अंडी आली. अंडी ठेवली, ओलावा राखला, वाट पाहिली. काही फुटली. पिल्लांनी पाला खाल्ला, काती टाकल्या, आणि पानाच्या अंड्यातून आलेले नर निघाले काडीसारखे! नॅनोफिलियम! कीटकांचे अभ्यासक रॉयस कमिंग आणि सहकाऱ्यांनी २०२० साली दोन्ही खण एक केले. काल फिलियम असेकिएन्से म्हणवली जाणारी मादी आज नॅनोफिलियम असेकिएन्से आहे.

यात खर्चाचं यंत्र कुठलं लागलं? पाला, फवारा आणि रोज सकाळी पिंजऱ्यात डोकावणारं कुणीतरी. फोटो काढून टाकणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. फोटोतल्या किड्याला अंडं नसतं.

[बाईंची वही. आखलेलं पान.]

बाईंच्या वहीत प्रत्येक किड्याला एक पान आणि पानावर चार रकाने: मादी, अंडं, पिल्लू, नर. टॉर्चमध्ये सापडलेली आपली काडी इथे 'सात नंबर' आहे. अंड्याचं चित्र पेन्सिलीने काढलंय, झाकण वेगळं, ठसा वेगळा.

पलनीच्या डोंगरातला कारॉसियस मोरोसस १९०१ साली शास्त्रात नोंदला गेला. तो युरोपातल्या प्रयोगशाळांत आणि शाळांच्या बरण्यांत शतकभर वाढतोय, जवळजवळ सगळ्या माद्याच. नर क्वचित. नर नसला तरी अंडी फुटतात आणि त्यातून लेकीच येतात. बाईंच्या सात नंबरला अजून नर दिसलेला नाही.

रानात ही अंडी पाचोळ्यात पडलेली असतात. उन्हाळ्याच्या तोंडाला पाचोळा पेटवला की तीही जातात.

[जानेवारी. भिंगाखाली अंडं. झाकण हलतं.]

सप्टेंबरात पडलेलं अंडं. चार महिने आम्ही दर रविवारी फोन करायचो आणि बाई म्हणायच्या, "नाही अजून." त्या सकाळी त्यांनीच फोन केला.

[झाकण उघडतं. इथे निवेदन नाही.]

डोकं आणि मिशा बाहेर आल्या. आता पाय, एकेक करत. अंड्याच्या चौपट लांबीचा जीव आत कसा घडी घालून ठेवला होता, हे बघूनही पटत नाही. मागचा एक पाय अडकलाय. झटकून बघतंय, निघत नाही. मग तसंच चालायला लागतं, टरफल पायात घेऊन.

[बाईंचा हात वहीवर.]

तिसऱ्या रकान्यात बाई तारीख घालतात. चौथ्यावर पेन क्षणभर थांबतं. "ही पण मुलगीच असणार," असं म्हणून त्या टोपण लावतात आणि पेरूची ताजी डहाळी आणायला उठतात.