पंधरा लढायांत नसलेला विजयदुर्ग

समोर दिसतेय ती वाघोटणची खाडी. तिच्या तोंडाशी, तीन बाजूंनी पाण्यात उभा, तो विजयदुर्ग. इंग्रजांच्या कागदांत याचं नाव घेरिया.

१८५१ साली एडवर्ड क्रीझी या इंग्रज इतिहासकाराचं जगातल्या पंधरा निर्णायक लढायांवरचं पुस्तक आलं. मॅरेथॉनपासून वॉटर्लूपर्यंत. त्याची कसोटी सोपी आहे: निकाल उलटा लागला असता, तर पुढचा सगळा इतिहास बदलला असता का? कसोटी चांगलीच आहे. पण त्या पंधरांत हिंदुस्थानातली एकही लढाई नाही. पानिपत नाही, प्लासीसुद्धा नाही. तीच कसोटी आपण या तटाला लावू.

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले आणि त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. कुलाबा मानाजीकडे, विजयदुर्ग शेवटी तुळाजीकडे. तुळाजीचं आणि पेशव्यांचं पटेना. पेशव्यांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होता, हे मान्य करायलाच हवं. पण त्यावर नानासाहेब पेशव्यांनी काढलेला तोडगा असा, की १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी तह केला. त्याच वर्षी इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजीचा सुवर्णदुर्ग घेतला. आपल्याच आरमारावर परक्यांच्या तोफा बोलावल्या, हे सांगताना आजही जीव तुटतो.

फेब्रुवारी १७५६. अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफा इथे आला, सोबत रॉबर्ट क्लाइव्हची फौज. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता, तो तिथेच अडकला. १२ तारखेला दुपारी तोफा धडाडू लागल्या.

आंग्र्यांची ताकद होती गुराबांत. उथळ तळाची, खाडीत सहज शिरणारी, नाळेवर तोफा असलेली ही जहाजं त्या दिवशी तटाच्या आसऱ्याला एकमेकांना बांधून उभी होती. त्यांतच कंपनीकडून जिंकून आणलेलं रिस्टोरेशन हे जहाज. इंग्रजांचा एक गोळा नेमका त्याच्यावर पडला. ते पेटलं, दोर पेटले, शिडं पेटली आणि आग या जहाजावरून त्या जहाजावर गेली. कान्होजींनी नावारूपाला आणलेलं आरमार काही तासांत जळून गेलं.

रात्री क्लाइव्हने जमिनीच्या बाजूला फौज उतरवली. कशासाठी? पेशव्यांचे सैनिक आधी आत शिरू नयेत म्हणून! १३ तारखेला किल्ला पडला. दहा लाखांच्या आसपासची लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली, दोस्ताच्या हाती काही लागलं नाही. किल्लाही पेशव्यांना मिळाला तो ऑक्टोबरमधल्या तहाने, बाणकोट देऊन. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच मेला.

मराठी आरमार इथेच संपलं असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. याच विजयदुर्गच्या आनंदराव धुळपांनी, म्हणजे पेशव्यांच्या आरमारप्रमुखांनी, १७८३ मध्ये कंपनीचं रेंजर जहाज पकडलं. पण इंग्रजांना दर्यावर धाक वाटावा, असं बळ पुन्हा उभं राहिलं नाही.

आणि वॉटसन, क्लाइव्ह? इथून मोकळे होऊन ते मद्रासला गेले, तिथून बंगालला. जानेवारी १७५७ मध्ये बंगालच्या नवाबाकडून कलकत्ता परत घेतलं, २३ जूनला प्लासी. सोळावी लढाई कोणती, असं कुणी विचारलं तर मी विजयदुर्गचं नाव घेईन, आणि कारण म्हणून वॉटसनच्या तोफांच्या आधी १७५५ चा तो तह सांगेन.