हिरवी म्हणजे कोवळी

नमस्कार. आज बोलायचंय विन्यु व्हेर्द या पोर्तुगीज वाइनबद्दल. आधी नावाचा घोळ मिटवू. पोर्तुगीजमध्ये ‘विन्यु’ म्हणजे वाइन आणि ‘व्हेर्द’ म्हणजे हिरवी. पण विन्यु व्हेर्द रंगानं हिरवी नसते. ती पांढरी असते, गुलाबी असते, तांबडीही असते. इथे हिरवी म्हणजे कोवळी, मुरायला न ठेवता ताजीच प्यायची. काहीजण हे नाव ती जिथे बनते त्या हिरव्यागार मुलखाशी जोडतात. मी बोलणार आहे त्यातल्या पांढरीबद्दल.

हा मुलूख पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात आहे. वर मिन्यु नदी, नदीपलीकडे स्पेन, पश्चिमेला अटलांटिक. पाऊस भरपूर, जमीन ग्रॅनाइटची आणि शेतं तुकड्यातुकड्यांची. एवढ्याशा रानात मका लावायचा की द्राक्षं? तिथल्या शेतकऱ्यानं दोन्ही लावली. वेल चढवला झाडांवर, नाहीतर दगडी खांबांच्या मांडवावर, आणि खाली घेतला मका नि भाजीपाला. द्राक्षं शिडीवरून काढायची. अशा ओल्या, गार हवेत द्राक्षात साखर कमी भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. साखर कमी, म्हणून अल्कोहोलही बेताचं, साधारण ९ ते ११ टक्के. या वाइनच्या प्रदेशाची हद्द सरकारनं १९०८ साली आखून दिली.

जिभेवर बारीक चुरचूर होते, ती वायूची. पूर्वी बाटलीत उरलेलं आंबणं पुरं होताना तो आपोआप तयार व्हायचा; आता बहुतेक ठिकाणी वरून भरतात. मला त्यात वावगं वाटत नाही. स्वस्त बाटल्यांत गोडवा ठेवतात, तो मात्र खटकतो.

आता जेवणाकडे. तळलेल्या बांगड्याबरोबर आपण सोलकढी का घेतो? तेल कापायला. विन्यु व्हेर्दचा आंबटपणा तेच काम करतो. २३ जूनच्या रात्री, साँव जुआंवच्या सणाला, पोर्तु शहरात रस्तोरस्ती निखाऱ्यावर सार्डिन भाजतात. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचीच भावंडं, तशीच तेलकट. चरबी निखाऱ्यावर गळते, धूर डोळ्यांत जातो, आणि दर दोन घासांनी या वाइनचा घोट घ्यावासा वाटतो.

पण माझी आवडती जोडी तिसऱ्यांची. ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण, त्यावर तिसऱ्या आणि थोडी वाइन, मग झाकण. शिंपले उघडले की मूठभर कोथिंबीर आणि लिंबू. हो, कोथिंबीर! बाकीच्या युरोपात तिचं कौतुक फारसं नाही, पोर्तुगीज मात्र सढळ हातानं घालतात. खाली उरलेला रस पावानं पुसून खायचा. ‘पाव’ हा शब्दसुद्धा त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेला.

घरी काय कराल? रव्यात तळलेली सुरमई उत्तम. कोकम-चिंचेच्या आंबट कालवणाबरोबर मात्र ही वाइन उघडू नका. ताटातला पदार्थ वाइनहून आंबट असला की वाइन पाणचट लागते. म्हणून सोलकढी केली असेल तर सोलकढीच प्या. तांबड्या रश्श्यापुढेही या वाइनचा टिकाव लागत नाही, तिची चवच बुडून जाते.

बाटली घेताना साल बघा. मी एकदा न बघता घेतली. दुकानात दिव्याखाली चार वर्षं उभी होती बिचारी. रंग पेंढ्यासारखा, चुरचूर गायब, वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा. शेवटी मासे शिजवताना वापरली. याला अपवाद याच मुलखातल्या मोंसांव आणि मेल्गासु भागांतल्या आल्व्हारिन्यु द्राक्षाचा. तिची वाइन अंगानं भरदार, अल्कोहोलही जास्त, आणि काही वर्षं छान मुरते.

मघाशी कुणीतरी विचारलं, पेल्यात बर्फ घालू का? तुमची वाइन, तुमची मर्जी. त्यापेक्षा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ घाला आणि बाटली त्यात मानेपर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत गार होते. तेवढ्यात तिसऱ्या धुऊन, लसूण ठेचून होतो.